न फुटणारा आकडा

मंडळी, पंगत बसवायची आहे. पाने १२ आहेत. तीन रांगा करा, प्रत्येक रांगेत ४ पाने येतील. आता पाने १३ झाली. काही करा, सारख्या रांगा होतच नाहीत. सगळ्यांना एकाच ओळीत बसवावे लागते. १ हून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पुरा भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात.

९७ मूळ आहे का? सगळ्या आकड्यांनी भागत बसायला नको. दहा दाहे शंभर. म्हणजे ९७ चे दोन भाजक पडलेच, तर त्यांतला एक तरी दहाहून लहान हवा. २, ३, ५, ७ यांनी भागून बघा. दर वेळी बाकी उरते. २ ने भाग जात नाही, तर ४, ६, ८ ने कुठला जाणार? आणि ३ ने नाही, तर ९ नेही नाही. झाले! ९७ मूळ ठरली.

रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे ऑयलर नावाचे मोठे गणिती होते. म्हातारपणी त्यांची नजर जवळजवळ गेली. तरीही २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही संख्या मूळ आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ते पुढे छापून आले. वरच्या रीतीने तिला ४६,३४० पर्यंतचेच भाजक तपासावे लागतात. ऑयलरांनी डोके लढवून त्यांतलेही पुष्कळसे गाळले.

आता तुम्ही सांगा, ९१ मूळ आहे का? घाई नको. भागून बघा.