राळेगणचं ऊन आणि खिशातला कॅमेरा

राळेगणसिद्धीत फोटो काढणं छोट्या कॅमेऱ्याला जड जातं. पारनेर तालुक्यातलं हे पर्जन्यछायेतलं गाव, आभाळ वर्षातले बरेच महिने निरभ्र. भर दुपारी इथले समाजसेवक अण्णा हजारे यांचा पांढरा सदरा, धोतर आणि टोपी डोळे दिपवतात आणि टोपीखालचा चेहरा मात्र सावलीत असतो. तिथून गावातल्या यादवबाबांच्या मंदिरात पाऊल ठेवलं की उजेड एकदम ओसरतो. अण्णांच्या २०११च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनानंतर गाव बघायला येणाऱ्यांच्या हातात खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे असत. त्यांच्या फोटोंत टोपीची शिवण दिसत नाही, नुसता पांढरा डाग दिसतो. मंदिरातल्या फोटोंवर रंगीत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. दोष फोटो काढणाऱ्याला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा लेन्समागच्या सेन्सरचा असतो.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा चौकोनी तुकडा. त्याचं काम समजायला राळेगणमधलंच उदाहरण घेऊ. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगासाठी ज्या गावांची निवड झाली, त्यांत राळेगण होतं. त्या योजनेतल्या सौर पॅनेलमध्ये जे घडतं तेच इथंही घडतं: प्रकाशकण सिलिकॉनवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन सुटा होतो. पॅनेल ते सगळे इलेक्ट्रॉन एकत्र वाहून नेतं. सेन्सर मात्र कोणत्या जागी किती सुटले याचा वेगवेगळा हिशेब ठेवतो. ही करामत १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सेन्सरच्या रूपानं साधली. त्यासाठी २००९चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सिलिकॉनला रंग कळत नाहीत, म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या १९७६च्या पेटंटमधली ही मांडणी, दोन हिरव्यांमागे एक लाल आणि एक निळा, आजही चालते.

दुकानात मात्र विचारला जाई तो एकच आकडा, मेगापिक्सेल. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला '१/२.३ इंची' सेन्सर प्रत्यक्षात जेमतेम ६.२ मिमी लांब आणि ४.६ मिमी रुंद असतो. त्यात १.६ कोटी पिक्सेल बसवले की एकेका पिक्सेलची बाजू १.३ मायक्रॉनच्या आसपास येते. पाणलोटाचं काम केलेल्या राळेगणकरांना हे लगेच उमगेल: पाऊस तेवढाच, शिवार तेवढंच. बांध वाढवत गेलं तर प्रत्येक तुकड्यात पाणी कमी साठतं, शिवाय बांधच जमीन खातात.

प्रकाश कणाकणानं येतो आणि त्याची मोजणी कधीच एकसारखी येत नाही. चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. दहा हजार कण मिळाले तर शंभरांचा फरक, म्हणजे एक टक्का. शंभरच मिळाले तर दहांचा, म्हणजे दहा टक्के. मंदिरातल्या फोटोवरचे ठिपके मुख्यतः यातूनच येतात. उन्हात याच्या उलट होतं. छोट्या पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन साठायला जागा कमी, तो लवकर भरतो आणि टोपीचा तपशील कायमचा जातो. फोटो लहान छापला की शेजारचे पिक्सेल मिसळून काही दोष झाकला जातो. म्हणून सर्वांत जास्त वजन द्यावं ते संपूर्ण सेन्सरच्या क्षेत्रफळाला.

कंपन्यांनाही हे मान्य करावं लागलं. कॅननच्या २००८च्या पॉवरशॉट जी१०मध्ये १.४७ कोटी पिक्सेल होते. पुढच्याच वर्षी जी११मध्ये कंपनीनं ते एक कोटीवर आणले. बाजाराचा ओघ उलटा असताना घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याच २००९ साली सोनीनं छोट्या कॅमेऱ्यांत मागच्या बाजूनं प्रकाश घेणारा 'सीमॉस' प्रकारचा सेन्सर आणला. जुन्या रचनेत प्रकाशाला तारांच्या जाळ्यातून वाट काढावी लागे. इथं सिलिकॉन उलटं करून पाठीकडून तासलं, तारा खाली गेल्या आणि वरचा भाग मोकळा झाला. २०१२च्या सोनी आरएक्स१००नं तर खिशातल्या कॅमेऱ्यात १३.२ बाय ८.८ मिमीचा सेन्सर बसवला. क्षेत्रफळ नेहमीच्या चौपट.

कमी पण मोठे पिक्सेल काय करू शकतात, याचं उदाहरण जवळच आहे. पारनेरच्या पश्चिमेला, पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६पासून उभी आहे. तिच्या आयफोस्क उपकरणातल्या सीसीडीत २०४८ बाय २०४८, म्हणजे साधारण ४२ लाखच पिक्सेल. पण प्रत्येक १३.५ मायक्रॉनचा, कॉम्पॅक्टमधल्या पिक्सेलपेक्षा क्षेत्रफळानं सुमारे शंभर पट मोठा. दूरच्या दीर्घिकांचा क्षीण प्रकाश टिपायला खगोलशास्त्रज्ञांना तेवढे पिक्सेल पुरले.

जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा घेणार असाल तर मेगापिक्सेल सोडा, सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा. आणि राळेगणच्या दुपारी फोटो काढताना एक्सपोजर थोडं कमी ठेवा. अंधारलेला चेहरा नंतर बऱ्याच अंशी उजळता येतो, पण जळालेली टोपी परत आणता येत नाही.