संत्रं वरुडचं, नाव नागपूरचं!

आपल्या वरुड-मोर्शीची संत्री बाहेर 'नागपुरी' म्हणूनच खपतात. अमरावतीकरांना हे खटकतं, बरोबर? पण विकताना ते नाव सोडू नका. पुण्याच्या गिऱ्हाइकाला नागपुरी संत्रं माहीत आहे, वरुड नाही.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये पहिली ओळ त्याच्या ओळखीची: 'नागपुरी संत्री.' दुसरी आपली: 'वरुडच्या बागेतली, मृग बहाराची, सोमवारी तोडलेली.' तिसरी त्याच्या मनातल्या भीतीला उत्तर: 'खराब निघाली तर पैसे परत.'

'एकदम ताजी, एकदम गोड' तर सगळेच लिहितात. गाव आणि वार लिहायला माल खरा लागतो, बावा! शब्द पाळला, तर पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक म्हणेल, 'वरुडचीच पाठवा.'