‘माझी आगबोट कंपनी’

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. ती बातमी वाचून मला कोकणातील एका जुन्या आगबोट कंपनीची आठवण झाली.

तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. खाड्यांमुळे रस्तेही तुटक होते. मुंबईच्या गिरणीत, गोदीत राबणारा कोकणी माणूस, हिंदू असो की मुसलमान, गावी जाई तो बहुधा आगबोटीनेच. या धंद्यावर इंग्रजांच्या हाताखालच्या बॉम्बे स्टीम कंपनीचा पगडा होता. स्वदेशीच्या काळात काही देशप्रेमी मंडळींनी सहकारी तत्त्वावर स्वतःची बोटसेवा काढली. लोकांनी तिला कौतुकाने नाव दिले, ‘माझी आगबोट कंपनी’. तिच्या बोटीही घरच्याच वाटत : जयंती, तुकाराम, रामदास, सेंट अँथनी.

पण ११ नोव्हेंबर १९२७ रोजी जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. हा मोठा इशारा होता.

पुढे १७ जुलै १९४७ उजाडला. गटारी अमावस्या होती. रमजानही तोंडावर आला होता. सणासाठी घरी निघालेल्यांनी रामदास बोट भरली. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली. अवघ्या अर्ध्या-पाऊण तासात सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बराच वेळ पत्ताही लागला नाही.

आज ती कंपनी नाही आणि कोकणच्या त्या आगबोटीही नाहीत. ज्या नावावर लोकांनी एवढे प्रेम केले, त्याच्याशी आता रामदासची आठवण कायमची जोडली गेली आहे. बोटीला ‘माझी’ म्हटले, तरी लाट आपले-परके पाहत नाही. प्रवासी ही बोटवाल्याकडे सोपवलेली अमानत असते. ती आभाळ पाहून, माणसे मोजून सांभाळावी लागते.

सुट्टीत मुलांना घेऊन बोटीत बसताना आपणही दोन गोष्टी पाहाव्यात : प्रत्येकाला जॅकेट आहे का आणि वारा कसा आहे. मन कचरले, तर काठावर थांबावे. उशिरा पोहोचलेल्याला घरचे रागावतील, पण दार उघडायला येतील.