शेपटीवरून देवमाशाची ओळख

चिटगुप्प्याकडील शेतकरी आपला बैल अंगावरील ठिपक्यांवरून ओळखतो. कुबड्या देवमाशाची ओळख पटविण्याची रीत याहून फारशी निराळी नाही. खोल बुडी मारताना हा प्राणी (मासा केवळ नावाचा, वस्तुतः तो सस्तन होय) शेपूट पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणा व कडेचे दाते प्रत्येकाचे वेगळे असतात. छायाचित्रे ताडून पाहिली म्हणजे कोण पुन्हा भेटला हे कळते, आणि जुन्याच शेपट्या वारंवार दिसू लागल्या, तर एकंदर संख्या थोडी आहे असे अनुमान निघते.

अरबी समुद्रातील कुबडे देवमासे इतर समुद्रांतील आपल्या भाईबंदांप्रमाणे ध्रुवाकडे जात नाहीत. बारमाही येथेच राहतात. १९६५ व १९६६ साली सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांलगत त्यांपैकी २४२ मारले. पुढे २००० ते २००४ या काळातील छायाचित्रांवरून ओमानलगतची संख्या अवघी ८२ भरली. अंदाजाच्या मर्यादा ६० ते १११. २०१७ मध्ये तेथे उपग्रहयंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली व परत गेली. ओमानच्या संग्रहातील शेपट्या आपल्याही किनाऱ्यावरून जातात, हे त्यावरून ठरले. आपल्याकडे मात्र मरून वाळूत लागलेल्या देवमाशाची शेपूट कुजलेली असली, तर तिच्यावरील खुणा वाचता येत नाहीत.