इंजिनिअर झाला, पण सांगता येतं का?

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच धांदल उडते. प्रवेशपरीक्षेचे गुण, कॉलेजांच्या याद्या, फीचा आकडा, वसतिगृहाचा खर्च! कुणी मुदतठेव मोडतं, कुणी बँकेचं कर्ज काढतं. एकदा का मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. आता चार वर्षं अभ्यास करील आणि नोकरीला लागेल, असं आपलं साधं गणित असतं.

पण मैत्रिणींनो, चौथ्या वर्षी हे गणित कधी कधी चुकतं. मुलाखतीत समोरचे गृहस्थ विचारतात, "तुम्ही प्रोजेक्ट काय केलंत, ते जरा समजावून सांगा." गुणपत्रिकेत डिस्टिंक्शन असलेला मुलगा चाचरायला लागतो. पुढचा प्रश्न येतो, "हे कुणाच्या उपयोगाचं? खर्च किती येईल?" यावर तर त्याने विचारच केलेला नसतो. घरी येऊन तो म्हणतो, "माझं इंग्रजी कमी पडलं." आपल्यालाही ते पटतं आणि आपण इंग्रजी संभाषणाच्या क्लासची चौकशी सुरू करतो.

इंग्रजी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण दर वेळी दोष इंग्रजीचाच असतो का? तोच प्रोजेक्ट त्याला घरी मराठीत समजावून सांगायला लावा, म्हणजे खरं काय ते कळेल. २०२१ पासून मराठीतूनही इंजिनिअरिंग शिकायची परवानगी आहे. पण भाषा कुठलीही असो, आपण केलेलं काम दुसऱ्याच्या गळी उतरवणं ही वेगळीच विद्या आहे, आणि ती शिकावी लागते.

मापाची गोष्ट

ही विद्या किती मोलाची, ते एका उदाहरणावरून पाहा. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने मंगळाकडे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचं यान पाठवलं होतं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळापाशी पोहोचलं आणि हरवलं. कारण काय, तर एका गटाने यानाला मिळणाऱ्या रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापात आहेत असं समजून वापरले. एक पौंड बल म्हणजे सुमारे साडेचार न्यूटन. त्यामुळे हिशेब चुकला आणि यान ठरल्यापेक्षा फारच खालून गेलं. दोन्हीकडची माणसं हुशार होती, पण एकाचं दुसऱ्याला नीट कळलं नाही.

आपल्याला यात नवल वाटायला नको. "एक वाटी रवा" म्हटलं की नवी सून विचारतेच ना, "कुठली वाटी, सासूबाई?" उकडीच्या मोदकांना पाणी किती, तर म्हणे "पिठी मागेल तेवढं"! तीस वर्षं मोदक करणारीला ते पुरतं. पहिल्यांदा करणारीची मात्र फजिती होते. आपल्या हाताला सवयीचं असलेलं ज्ञान नवख्या माणसाला जमेल अशा रीतीने मांडायचं, यालाच कॉलेजात 'टेक्निकल कम्युनिकेशन' म्हणतात. वाचणारा कोण, त्याला आधी काय कळायला हवं, माप कोणतं, आकृती कुठे हवी, धोक्याची सूचना कृतीच्या आधी आली आहे की नंतर, या सगळ्याचा त्यात विचार असतो. रिपोर्ट, सेमिनार, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि त्याची तोंडी परीक्षा ही सगळी त्याचीच तालीम. पण पुष्कळ मुलं आदल्या वर्षीचा रिपोर्ट समोर ठेवून आपला रिपोर्ट उतरवून काढतात आणि ही तालीम बुडवतात.

लोखंडी नांगर आणि छापील मासिक

दुसरी गोष्ट उद्योजकतेची. हा शब्द ऐकला, की आपल्या पोटात गोळा येतो. "नोकरी सोडून धंदा करणार की काय हा?" अहो, तसं नाही! कुणाची तरी अडचण ओळखणं, त्या माणसालाच जाऊन विचारणं, थोडक्या खर्चात करून पाहणं आणि हिशेब मांडणं, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी करणाऱ्यालाही हा विचार उपयोगी पडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा ना. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवत. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. नुसती वस्तू चांगली असून भागत नाही, हे यावरून दिसतं. ज्याच्यासाठी ती केली, त्याच्या मनातली शंकाही कारागिराला ठाऊक हवी.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि १९२० साली तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्यातल्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवायला सुरू झालेलं हे पत्रक पुढे महाराष्ट्रात गाजलेलं मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक आलं. यंत्र करणाऱ्यांना लेखणीचंही मोल कळलं होतं, ते असं.

आणि लहान सुरुवातीचं म्हणाल, तर लिज्जत पापड आपल्या सगळ्यांच्या माहितीचा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या दिवशी पापडांची चारच पाकिटं झाली होती. मुलांना कॉलेजात जे 'आधी लहान नमुना करून पाहा' म्हणून शिकवतात, ते आणखी वेगळं काय असतं?

मुलीचं अक्षर छान, म्हणून…

आता एक नाजूक गोष्ट. २०१७ पासून केंद्र सरकारतर्फे 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' ही विद्यार्थ्यांची मोठी स्पर्धा होते. खरोखरीच्या अडचणींवर सहा-सहा जणांचे गट उपाय शोधतात आणि परीक्षकांपुढे मांडतात. गटात निदान एक तरी मुलगी हवी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण नियमाने मुलगी गटात येईल, बोलेलच असं थोडंच आहे! "हिचं अक्षर छान, हिचं टायपिंग सुबक," म्हणून रिपोर्ट तिच्या गळ्यात पडतो आणि व्यासपीठावर बोलायला मुलगे उभे राहतात. कामाचं श्रेय बोलणाऱ्याच्या पदरात जातं.

याचं मूळ कुठे आहे, ते आपणच शोधायला हवं. चार माणसांत मुलीने मत दिलं, की आपण डोळे वटारतो, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस!" मुलाचं मात्र "फार चुरचुरीत बोलतो हं" म्हणून कौतुक करतो. अठरा वर्षं गप्प बसायला शिकवायचं आणि एकोणिसाव्या वर्षी तिने पाहुण्या परीक्षकांशी न डगमगता बोलावं म्हणायचं, हे कसं जमावं?

घरच्या घरी एवढं करा

सुट्टीत मुलं घरी आली, की एक गंमत करून पाहा. घरात कपडे धुण्याचं यंत्र असेल, तर ते कसं चालवायचं हे आठ-दहा ओळींत लिहायला सांगा. कागद आजीच्या हातात द्या. आजीने लिहिलंय तेवढंच करायचं आणि लिहिणाऱ्याने शेजारी तोंड मिटून उभं राहायचं. आजी जिथे अडेल, तिथे चूक कागदाची, आजीची नव्हे! तेवढी ओळ सुधारून पुन्हा करून पाहायचं.

प्रोजेक्टचा विषय निघाला, की चार प्रश्न जरूर विचारा. हे कुणासाठी करतोस? त्या माणसांना भेटून विचारलंस का? एक नग करायला खर्च किती? आणि पहिल्या खेपेला काय बिघडलं? शेवटचा प्रश्न विचारताना कपाळाला आठी नको, बरं का! काय बिघडलं ते मोकळेपणी सांगता येणं, हेही इंजिनिअरचंच काम आहे.

घरात पाहुणे आले असतील, तर लेकीलाच सांगू द्या तिचा प्रोजेक्ट. मध्येच भावाने किंवा वडिलांनी तोंड घातलं, तर हसत हसत म्हणा, "तिला पुरं करू दे."

आणि "मला बाई यंत्रातलं काय कळतंय!" असं म्हणून स्वयंपाकघरात उठून जाऊ नका. बसून ऐका. कळलं नाही, तर न लाजता म्हणा, "पुन्हा सांग, सोपं करून सांग." तुम्हाला समजेल असं त्याला सांगता आलं, तर उद्या साहेबालाही सांगता येईल आणि गिऱ्हाइकालाही.