शेवटच्या पानांचं काम

सिंगापूरच्या प्रकाशनसंस्थेत उन्हाळी इंटर्नशिप मिळाल्याचं कळल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींनी विचारलं, "म्हणजे लेखक भेटणार?" अजून एकही भेटलेला नाही. मला मिळाली एका इतिहासाच्या पुस्तकाची नामसूची, आणि तिच्यात मी पुरती गुंतले आहे.

आंग मो किओत मी मावशीकडे राहते. १९७३पासून सरकारी गृहनिर्माण मंडळानं वसवलेलं हे उपनगर. उंच इमारती, प्रत्येकीवर लांबून वाचता येईल असा ठळक क्रमांक. ऑफिस सिन मिंगमध्ये, मोटारींच्या गॅरेजांशेजारी. वाटेत बिशान-आंग मो किओ पार्क लागतो. तिथल्या काँक्रीटच्या कालव्यातून कलांग नदीला मोकळं करून २०१२मध्ये पुन्हा वळणं घेत वाहू दिलं. नशीब असेल तर पाणमांजरंही दिसतात.

इथं येऊ पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पाससाठी अर्ज कंपनीनं करायचा असतो, तो जास्तीत जास्त तीन महिन्यांचा असतो आणि वाढवून मिळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी काम हातात पडतं.

सूचीत पृष्ठांक द्यायचे, तर आधी पानं पक्की व्हावी लागतात. त्यामुळे हे काम सर्वांत शेवटी आणि घाईत उरकलं जातं. नावं अकारविल्हे लावायला संगणक आहेच, असं वाटेल. पण आमच्या संगणकानं शेवटचा शब्द आडनाव धरला होता. 'अहमद' या एकाच नोंदीखाली एक शिक्षक, एक पत्रकार आणि एक खलाशी असे तिघं गोळा झाले होते. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, फक्त तिघांच्या वडिलांचं नाव अहमद होतं. मलय नावात सहसा आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं. माजी राष्ट्राध्यक्ष हलीमा याकोब यांना म्हणूनच हलीमापाशी शोधायचं. ली क्वान यू यांचं आडनाव सुरुवातीला, ली. टोनी टॅन केंग याम यांच्या नावात ते दुसरं, कारण आधी इंग्रजी नाव येतं. एस. आर. नाथन म्हणजे सेल्लापन रामनाथन. त्यातलं सेल्लापन हे वडिलांचं नाव, आणि सगळे त्यांना नाथन म्हणूनच ओळखतात, तेव्हा नोंद नाथनखाली. म्हणजे ओळ लावण्याआधी माणूस कोण, कुठल्या समाजातला आणि लोक त्याला कसं हाक मारायचे, हे माहीत हवं. आपल्याकडेही खांडेकर 'ख'मध्ये आणि तुकाराम 'त'मध्येच सापडायला हवेत!

शंका आली की संध्याकाळी मी आंग मो किओच्या सार्वजनिक वाचनालयात जाते. १९८५पासूनचं हे वाचनालय. इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ पुस्तकं एका छताखाली. एकच माणूस वेगवेगळ्या भाषांतल्या पुस्तकांत कसा नोंदवलाय ते पडताळता येतं.

अशा वेळी मराठी पुस्तकांची फार आठवण येते. आपली कितीतरी चरित्रं, आत्मचरित्रं, जिल्ह्यांचे इतिहास सूचीविना निघतात. पाचशे पानांत कुठंतरी एकदाच आलेला एखादा सत्याग्रही, एखादी शिक्षिका त्यांच्या नातवंडांना सापडणार कशी? मोठ्यांसाठी प्रकरणंच असतात. सूचीची गरज असते ती अशा माणसांना. चार-सहा पानांचा कागद वाचवण्यासाठी प्रकाशकांनी ती गाळू नये, असं मला कळकळीनं वाटतं. पुढं पुण्यात नोकरी मिळाली, तर पहिला हट्ट हाच धरणार आहे.

पुस्तक बाहेर पडलं की चार आठवड्यांच्या आत दोन प्रती इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा कराव्या लागतात, कायमच्या जतनासाठी. त्यामुळे चुकीची नोंदही कायमची राहते.

सध्या मी 'एस'पर्यंत पोचले आहे. तिथं एका तमिळ कामगार कार्यकर्त्याचं नाव वेगवेगळ्या पानांवर तीन तऱ्हांनी छापलंय. त्यांच्या मुलीला विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत ते पान सोडू नका, असं संपादकबाईंना सांगितलं; त्या शुक्रवारपर्यंत थांबायला तयार झाल्या आहेत.