अनोळखी हातांनी आखलेलं शहर

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने हादरली. तीव्रता ७. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद खचला. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय असलेलं क्रिस्टोफर हॉटेल जमीनदोस्त झालं. देशोदेशीची बचावपथकं येऊन पोहोचली, पण ढिगाऱ्याखालच्या माणसांपर्यंत जायचं कसं? ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर तोवर या शहराचे काही मोठे रस्ते सोडले तर जवळपास कोरी जागाच होती.

मग जे घडलं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. जिओआय आणि डिजिटलग्लोब या कंपन्यांनी भूकंपानंतरची ताजी उपग्रहचित्रं खुली केली आणि हैतीत कधीही पाऊल न ठेवलेली शेकडो माणसं आपापल्या घरी संगणकापुढे बसून ते शहर आखू लागली. काही आठवड्यांत पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गल्लीबोळांचा इतका तपशीलवार नकाशा तयार झाला, की पथकं तोच हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून फिरू लागली.

हे काम चालतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. पडद्यावर उपग्रहचित्र असतं. रस्त्याच्या मधोमध क्लिक करत जायचं. प्रत्येक क्लिकला एक ठिपका पडतो. ठिपक्याजवळ असतात फक्त अक्षांश आणि रेखांश. रांगोळीसारखे ठिपके जोडले की रेघ होते, रेघ स्वतःलाच येऊन मिळाली की इमारत किंवा तळं. पण ती रेघ रस्ता आहे की ओढा, हे यंत्राला कळत नाही. ते माणसाने चिठ्ठी लावून सांगायचं: हा वस्तीतला रस्ता, हा पूल, हा दवाखाना. हैतीत स्वयंसेवकांनी मैदानांत उभ्या राहिलेल्या ताडपत्र्या वरून ओळखल्या आणि तिथे ‘बेघरांची छावणी’ अशी चिठ्ठी लावली. अख्ख्या पृथ्वीचा हा नकाशा ठिपके, रेघा, त्यांचे गट आणि चिठ्ठ्या एवढ्यावरच उभा आहे.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती परवान्याची. एखाद्या खासगी कंपनीचा नकाशा आपल्याला बघता येतो. त्यामागची माहिती उचलून नेता येत नाही, बदलून इतरांना वाटता येत नाही. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशांची माहितीही विकत घ्यावी लागे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती खुली आणि ती चालवणारं सॉफ्टवेअरही खुलं. हा नकाशा गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रात भरता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिला होता. हैतीच्या वेळी कुणाला परवानगी मागायला, करार करायला थांबावं लागलं नाही. भूकंपात वेळेची किंमत काय असते, हे किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण आकाशातून दिसत नाहीत ती नावं. कुठली इमारत शाळा, कुठल्या नळाला पाणी येतं, हे तिथल्याच माणसाला ठाऊक. नैरोबीतली किबेरा ही प्रचंड झोपडवस्ती सरकारी नकाशांवर चक्क जंगल म्हणून दाखवलेली होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन वाटा पालथ्या घातल्या. नळ, शौचालयं, शाळा, दवाखाने नोंदवले. नेपाळमध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या संस्थेने काठमांडू खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालयं २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाआधीच नकाशावर आणून ठेवली होती. संकट येण्याआधी केलेलं हे काम मला हैतीहूनही मोलाचं वाटतं.

या नकाशात प्रत्येक जागेला अनेक भाषांतली नावं देता येतात, आणि त्यात मराठीसाठी स्वतंत्र रकाना आहे. एकदा आपलं गाव तिथे उघडून पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्र, सार्वजनिक विहीर, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पूल आहे का? नसेल तर मोफत खातं काढा, ठिपका ठेवा आणि गावात जे नाव म्हणतात तेच देवनागरीत लिहा.